‘अलबेला’तला ट्रम्पेट : चिक चॉकलेट

१९५१ सालचा ‘अलबेला’ पाहिला नाही असा मनुष्य आपल्याकडे पुष्कळ सापडेल. परंतु त्यातली गाणी ऐकली नाहीत असा सापडणे कठीण. वरात निघाली की बँडवाले त्यातले एखादे गाणे हमखास काढतात आणि ज्याला आयुष्यात कधी नाचता आले नाही असा मामाही भगवानदादांसारखे दोन्ही हात हलवू लागतो. या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, हे बहुतेकांना ठाऊक असते. लता मंगेशकर १९४५ पर्यंत मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये आपल्या कोल्हापुरातच होत्या, ही गोष्टही येथील जुनी माणसे अभिमानाने सांगतात. पण त्या गाण्यांत दोन कडव्यांच्या मधे जो ट्रम्पेट एकदम उसळून येतो, तो कोणाचा, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही.

तो वाजवणाऱ्या आणि त्या गाण्यांच्या वाद्यवृंदाची बांधणी करण्यात सी. रामचंद्रांचे सहायक असलेल्या गृहस्थांचे नाव अँटोनिओ झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रसृष्टीत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जात. नाव ऐकून हसू येते. मलाही आले होते. परंतु या नावामागे जो इतिहास आहे तो हसण्यासारखा नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बार्देस तालुक्यात हळदोणे या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि तो १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तसाच राहिला. पोर्तुगीज राजवटीने गोव्यात काय केले आणि काय केले नाही याची चर्चा इतिहासाच्या अभ्यासकांनी करावी; आपल्या विषयापुरती एक गोष्ट महत्त्वाची आहे. तेथील चर्चला जोडून गावोगाव ज्या शाळा असत, त्यांत मुलांना अक्षरांबरोबरच पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी शिकवली जाई. पाच आडव्या रेघांवर मांडलेले स्वर पाहताक्षणी गाता येणे, मग व्हायोलिन किंवा एखादे फुंकून वाजवायचे वाद्य हाती घेणे, आणि चर्चमधील प्रार्थनासंगीतात भाग घेणे, असा तो क्रम असे. शिकवणाऱ्या मास्तरांना ‘मेस्त’ म्हणत. शेतकऱ्याच्या, रेंदेराच्या, खलाशाच्या मुलालाही ही विद्या मिळू शकत होती.

आपल्याकडे संगीताची विद्या गुरूच्या घरी, गुरूच्या मर्जीने आणि कानाने मिळवायची. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आश्रय दिला, त्यामुळे या नगरीला थोर गाणे ऐकायला मिळाले. पण ऐकणे वेगळे आणि ती विद्या हाती येणे वेगळे. गोव्यातल्या त्या मुलांना रागदारी मिळाली नाही हे खरे. पण कागदावर लिहिलेले कोणाचेही संगीत वाचून वाजवता येईल अशी साक्षरता मिळाली. या साक्षरतेला पुढे बाजारात किंमत आली. हिंदुस्थानात जेथे जेथे पाश्चात्त्य वाद्ये लागत, म्हणजे संस्थानिकांचे बँड, पोलिसांचे बँड, बोटी, हॉटेले, मूकपटाच्या पडद्यापुढचा वाद्यवृंद, तेथे तेथे गोवेकर वादक दिसू लागले.

मुंबईत ही मंडळी धोबीतलावाच्या आसपास राहत. प्रत्येक गावाची आपापली ‘कूड’ असे. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारे राहण्याचे ठिकाण. एक पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीवर क्रूस, आणि नोकरी मिळेपर्यंत गावकऱ्यांचा आधार. १९०१ पासून शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची जी बोर्डिंगे निघाली, त्यांची येथे आठवण होते. फरक इतकाच की आपल्या बोर्डिंगात मुले शिकण्यासाठी येत आणि कुडीत शिकलेली माणसे काम शोधायला येत. त्याच भागात आल्फ्रेड नावाचे इराण्याचे हॉटेल होते. तेथे चहा पीत बसलेल्या वादकांना दिवसाची कामे मिळत. नाक्यावर उभ्या असलेल्या गवंड्याला मुकादम बोलावून नेतो, तसाच काहीसा तो प्रकार होता.

आता जाझविषयी. हे संगीत अमेरिकेतील निग्रो समाजाचे, ज्यांना आज कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात त्यांचे. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या लोकांनी आपल्या लयीच्या जाणिवेला युरोपीय वाद्यांची जोड देऊन ते घडवले. मुंबईत ते तबकड्यांमधून आधीच पोहोचले होते. पण १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाने आपला वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आणला, तेव्हा ते समोरासमोर ऐकायला मिळाले. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ साली तेथेच पटकीने वारले. ज्यांना स्वतःच्या देशात अनेक हॉटेलांच्या पुढच्या दारातून आत जाता येत नव्हते, ते येथे ताजमध्ये नायक होते. आणि येथे राज्य मात्र गोऱ्यांचेच होते!

गोवेकर वादकांना स्वरलिपी येत होती, परंतु जाझ कागदावर पूर्ण उतरत नाही. ख्यालगायनाची बंदिश दोन ओळींची असते आणि गाणे तासभर चालते, हे आपल्याला नवे नाही. जाझचेही तसेच आहे. एखादे परिचित गाणे घेतात, त्यातील स्वरसंगतींचे चक्र पुन्हा पुन्हा फिरत राहते, आणि त्या चक्रावर एकेक वादक आपापल्या मनाने स्वर गुंफतो. चक्र संपले की सगळे पुन्हा एका जागी येतात. आपल्या आवर्तनाशी आणि समेशी याचे नाते लगेच ध्यानात येते. मोठा फरक स्वरसंगतीचा. आपला तानपुरा एका षड्जावर स्थिर असतो, तर जाझमध्ये पायाचा स्वरच सारखा सरकत असतो.

हा पाया सरकवण्याचे काम डबल बासकडे असते. या वाद्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ‘अलबेला’ची गाणी मी पुन्हा ऐकली तेव्हा ट्रम्पेटच्या आधी त्यानेच लक्ष वेधून घेतले. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे वाद्य. माणसाच्या उंचीपेक्षाही उंच, उभे राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवायचे. चार तारा असतात आणि शेजारशेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात ते गजाने वाजवतात, जाझमध्ये मुख्यतः बोटांनी तार छेडून. चार मात्रांना चार स्वर, एकामागून एक, पायऱ्या उतरत-चढत असल्यासारखे. म्हणजे तबल्याचा ठेका आणि तानपुऱ्याचा आधार ही दोन्ही कामे एकच माणूस करतो. शिवाय पुढची स्वरसंगती कोणती येणार याची सूचनाही तोच देतो. तो चुकला तर ट्रम्पेटवाला कितीही मोठा असो, उघडा पडतो. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात १९३९ च्या सुमारास आलेल्या जिमी ब्लँटन या तरुणाने या वाद्याला स्वतंत्र आवाज दिला. ट्रम्पेटसारखी सुरावट बासवर वाजवता येते हे त्याने दाखवले. क्षयाने तो १९४२ साली गेला, तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. आज जाझच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. मुंबईतल्या बासवादकांची नावे शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. त्याकडे पुढे वळू.

वाझ यांनी ट्रम्पेट निवडला आणि लुई आर्मस्ट्राँग यांना गुरुस्थानी मानले. अर्थात हे गुरुत्व तबकड्यांमधूनच. १९४० च्या दशकाच्या मध्यास ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद वाजत होता. (हे हॉटेल आता नाही; त्या जागी १९७३ साली ताजची उंच इमारत उभी राहिली.) पुढे ते ताजमध्येच आले. ‘चिक अँड हिज म्युझिक मेकर्स’ या नावाने कोलंबिया कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. त्यांतील ‘जुहू जाइव्ह’ ही त्यांची स्वतःची रचना. आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज काढून गाणे, हातात पांढरा रुमाल धरणे, हे सारे ते करीत. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

असली बिरुदे मला फारशी आवडत नाहीत. त्यांत मान असतो तसा दुय्यमपणाही असतो. पण नक्कल म्हणून हा विषय सोडून देणे अन्यायाचे होईल. पोर्तुगीजांच्या गोव्यात जन्मलेला, इंग्रजांच्या मुंबईत पोट भरणारा तरुण आदर्श म्हणून एखादा इंग्रज बँडमास्तर निवडू शकला असता. पगार तोच मिळाला असता. त्याने निवडला तो न्यू ऑर्लिन्सच्या दरिद्री वस्तीत वाढलेला, सुधारगृहाच्या बँडमध्ये वादनाचे धडे गिरवलेला काळा माणूस. या निवडीत केवळ फॅशन होती असे मला वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मुंबई दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी भरली होती आणि नृत्यसंगीताला मागणी होती. युद्ध संपले, १९४७ साली इंग्रज गेले. त्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारूबंदीचे समर्थन करणारी माणसे आपल्या घरांत पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणेही खोटी नाहीत. परंतु हॉटेलातील नृत्याची संध्याकाळ ज्या गिऱ्हाइकावर चालत होती ते कमी झाले आणि वादकांची कामे घटली, हेही तितकेच खरे. याच सुमारास हिंदी चित्रपटसंगीताला मोठा वाद्यवृंद हवाहवासा वाटू लागला होता. हॉटेलात रात्री वाजवणारे हात सकाळी ध्वनिमुद्रणालयात जाऊ लागले.

तेथे नेमके काय काम चाले? संगीतकार पेटी घेऊन बसे. चाल त्याच्या डोक्यात असे, साथीला तबला-ढोलक. बहुतेक संगीतकार आपल्या पद्धतीने सरगम लिहीत. पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता येणारे त्यांत थोडे. वाद्यवृंदात व्हायोलिने, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास. या साऱ्यांनी एकाच वेळी काय वाजवायचे हे पेटीवर कसे सांगणार? तेव्हा सहायक, ज्याला त्या धंद्यात अरेंजर म्हणतात, तो शेजारी बसून चाल ऐके. ती पाच रेघांवर उतरवून घेई. कोणत्या ओळीमागे कोणते वाद्य येईल, दोन कडव्यांमधली जागा कशाने भरायची, बास कोणत्या स्वरांवरून चालेल, हे ठरवी. आणि मग प्रत्येक वादकासाठी वेगवेगळा कागद तयार होई. त्या काळी गायक आणि वादक यांचे ध्वनिमुद्रण एकदमच होत असे. पन्नासांतला एक जरी चुकला तरी सगळे पहिल्यापासून. त्यामुळे कागद पाहून बिनचूक वाजवणाऱ्याला मोल होते. हळदोण्याच्या शाळेतले ते धडे येथे कामी आले.

सी. रामचंद्रांबरोबरचे चिक यांचे काम म्हणजे दोन वेगळ्या शाळांची भेट. एकीकडे मराठी भावगीताच्या आणि नाट्यपदाच्या वळणाची गोड, सहज ओठांवर बसणारी चाल. दुसरीकडे जाझ आणि लॅटिन अमेरिकेतील रुंबा-सांबा यांची लय. ‘समाधी’ (१९५०) मध्ये याची चाहूल लागली होती. ‘अलबेला’त ती पुरती बहरली. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांनी गाणी नाचरी झाली, आणि तरीही ऐकणाऱ्याला ती परकी वाटली नाहीत. गावच्या जत्रेतल्या तंबूत ‘अलबेला’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला आपण जाझ ऐकतो आहोत याचा पत्ताही नसेल! त्याच चित्रपटात चिक आणि त्यांचे सहकारी एका गाण्यात झालरीच्या बाह्या घालून पडद्यावर दिसतात. ‘अलबेला’ पुन्हा पाहण्याचा योग आला तर नायक-नायिकेवरची नजर क्षणभर काढून मागे पाहावे.

मग ही गाणी कोणाची? या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, सारे श्रेय गोवेकरांचे, संगीतकार नुसते नावाचे. हे मला पटत नाही. ‘अलबेला’तच लताबाईंनी गायलेली अंगाई आहे, तिच्यात ट्रम्पेटची गर्जना नाही आणि तरी ती जिवाला भिडते. ती चाल चितळकरांचीच आहे यात शंका घेण्याचे कारण नाही. शिवाय चिक यांनी त्याच वर्षी देव आनंद आणि मधुबाला यांच्या ‘नादान’ला स्वतंत्रपणे संगीत दिले, पण स्वतंत्र संगीतकार म्हणून ते पुढच्या रांगेत आले नाहीत. हिंदी गीताच्या शब्दातून चाल उमलावी लागते, आणि ती भाषा व ते संस्कार त्यांच्या घरचे नव्हते, हे एक कारण असावे असा माझा तर्क आहे. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की चाल म्हणजेच गाणे, बाकी सजावट. तेही चूक. सजावट काढून टाकून ‘अलबेला’ची नाचरी गाणी नुसती पेटीवर वाजवून पाहावीत, गाणे ओळखू येते, पण पाय हलत नाहीत. ज्या गोष्टीमुळे ते गाणे सत्तर वर्षे वरातीत टिकले, तिचा मोठा वाटा त्या लिहिलेल्या कागदांचा आहे.

आणि ते कागद कोणी जपले नाहीत. तबकडीच्या गोल चिठ्ठीवर चित्रपटाचे, गायकाचे, गीतकाराचे, संगीतकाराचे नाव छापले जाई; वाजवणाऱ्याचे नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फार तर सहायकाचे नाव कोपऱ्यात येई. वादक कामाच्या दिवशी हजेरी लावी, पैसे घेई आणि दुसऱ्या स्टुडिओकडे निघे. म्हणजे ज्यांना लिहिता येत होते म्हणून बोलावले, त्यांचेच नाव कोठे लिहिले गेले नाही. चिक यांच्या पिढीतले सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे आणि अँथनी गोन्साल्विस अनेक संगीतकारांचे अरेंजर होते. गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा स्वतःचा वाद्यवृंद उभारला होता. आज त्यांचे नाव साऱ्या देशाला माहीत आहे; पण ते १९७७ च्या एका चित्रपटातल्या विनोदी गाण्यामुळे. त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य होते आणि त्यांनी गुरूला केलेला तो नमस्कार होता. किती जणांना हे ठाऊक असेल?

चिक यांनी पुढे मदनमोहन यांच्याकडेही काम केले आणि हॉटेलातले वादनही चालू ठेवले. १९६६ साली चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला. राजेश खन्ना यांचा हा पहिला प्रदर्शित चित्रपट, संगीत खय्याम यांचे. त्यात रात्रीच्या क्लबमधले एक गाणे आहे. भूपिंदर स्वतः पडद्यावर गातात आणि शेजारी ट्रम्पेट घेतलेले गृहस्थ म्हणजे चिक चॉकलेट. ‘अलबेला’तील झालरींचा पोशाख येथे नाही, रुंबाचा धुमाकूळ नाही, संथ लय, खालचा सूर, आणि ट्रम्पेट जणू गायकाशी हलक्या आवाजात बोलतो आहे. माझ्या मते पडद्यावर त्यांचे खरे दर्शन येथे घडते. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय एक्कावन्नच्या आसपास.

बासवाल्यांकडे वळू असे मघाशी म्हटले होते. १९६८ साली शंकर-जयकिशन यांच्या नावाने ‘राग जाझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी असे अकरा राग तीत जाझच्या अंगाने वाजवले आहेत. सतारीवर रईस खाँ आहेत. चित्रपटातील गाणे नसल्यामुळे या तबकडीत वादकच मुख्य आहेत आणि त्यांची नावेही आपल्यापर्यंत आली आहेत. सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, ट्रम्पेट जॉन परेरा यांचा, ड्रम लेस्ली गुदिन्हो यांचे, पियानो ल्युसिला यांचा, तबला रमाकांत यांचा. बास एडी ट्रॅव्हस यांचा.

हे एडी ट्रॅव्हस त्या तबकडीत कोठेच पुढे येत नाहीत. रागाला जाझची स्वरसंगती द्यायची म्हणजे पाया सरकवावा लागतो, आणि राग तर षड्जाला घट्ट धरून बसलेला. पाया फार सरकला तर मालकंस मालकंस राहणार नाही. अजिबात सरकला नाही तर जाझ होणार नाही. सतारिया आणि सॅक्सोफोनवाला आपापल्या मुलखात सुखाने वाजवू शकतात, पण हा तिढा प्रत्येक मात्रेला सोडवावा लागतो तो बासवाल्याला. पुढे १९७० नंतरच्या दशकात चित्रपटसंगीतात विजेवर चालणारी बास गिटार रुळली आणि ते उंच लाकडी वाद्य मागे पडत गेले. परंतु आपल्या देवल क्लबात रागदारी ऐकणाऱ्या मंडळींनी ही तबकडी एकदा ऐकावी. सतार बाजूला ठेवून फक्त खालच्या आवाजाकडे कान लावावा, म्हणजे ट्रॅव्हस यांनी तो तिढा कोठे सोडवला आणि कोठे तसाच टाकून पुढची मात्रा गाठली, हे ऐकू येते.